दोन वेळा जेवावं की दर दोन तासांनी खावं, आणि खाल्लेलं अंगाला का लागत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ४१ वर्षांच्या, सकाळच्या शाळेत शिक्षिका, वजन ७२ किलो, गेले पाच महिने दिवसातून दोनदाच जेवताय, दुपारी दीडला शाळेतून आल्यावर आणि रात्री साडेनऊला. अंडं चालतं, मटण-मासे नाही. सुरुवातीला चार किलो उतरलं आणि मग काटा तिथेच थांबला. आता रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८, बी १२ १७० आणि व्हिटॅमिन डी १४ आलंय, शुगर नॉर्मल आहे, केस गळतायत, जिना चढला की धाप लागते. जाऊबाई म्हणतात दर दोन तासांनी पोटात काहीतरी गेलं पाहिजे नाहीतर मेटाबॉलिझम मंदावतं, जिमला जाणारा भाचा म्हणतो शरीर एका वेळी ३० ग्रॅमच प्रोटीन घेतं आणि बाकीचं वाया जातं. आणि तुम्हाला विचारायचंय की दोनदाच भरपूर जेवते ते अंगाला लागत नाहीये म्हणून रिपोर्ट असे आले का, सोडून देऊ का हे दोन वेळांचं.

मी आहारतज्ज्ञ आहे, सातारा-कराड भागात प्रॅक्टिस करते, आणि हा प्रश्न शब्द बदलून सतत समोर येतो कारण आपल्याकडे गेल्या काही वर्षांत यावर सरळ दोन तट पडलेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका ही पद्धत, जी मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून पुढे आली, आणि दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांच्यामुळे घराघरात पोचलेलं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाणं. दोन्हीकडचे फायदा झालेले लोक मला भेटतात आणि दोन्हीकडचे रिपोर्ट बिघडलेले लोकही भेटतात, त्यामुळे "कोण बरोबर" या वादात मला पडायचं नाही, तुमच्या बाबतीत काय घडतंय ते बघूया.

तुम्ही किती वेळा जेवायचं ते विचारलंय, पण तुमच्या लिहिण्यात मला खरी अडलेली जागा दुसरीकडेच दिसली. तुम्ही जाता जाता लिहिलंय की दुपारचं जेवण झाल्या झाल्या चहा लागतोच, आणि आयर्न, कॅल्शियम, बी १२ या तिन्ही गोळ्या "विसरायला नको म्हणून" रात्री जेवणानंतर दुधाबरोबर एकदम घेता. माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न या दोन ओळींत आहे.

आता कारण सांगते. आपण खातो त्यातल्या गोष्टींचे या बाबतीत ढोबळ दोन गट पडतात. भात, पोळी, तेल-तूप, डाळ यातली ऊर्जा आणि प्रोटीन हा एक गट, त्याला किती वेळा खाल्लं याने फारसा फरक पडत नाही, शरीर जवळजवळ सगळं आत घेतं. लोह, कॅल्शियम, बी १२ यांचं तसं नाही, तिथे एका वेळी किती गेलं आणि कशाबरोबर गेलं यावर शोषण ठरतं. तुमचं वजन पहिल्या गटाचा हिशोब आहे आणि रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन, बी १२ हे दुसऱ्या गटाचं प्रकरण आहे. दोन्हीचं उत्तर एकाच नियमात शोधायला गेलं की गोंधळ होतो.

आधी पहिला गट. जेवण मोठं झालं की जठर ते सगळं एकदम आतड्यात ढकलत नाही, थोडं थोडं सोडतं, साधं जेवण असेल तर दोन ते चार तास आणि तेल-तूप जास्त असेल तर त्याहून जास्त वेळ लागतो. पुढे लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब आहे, त्याची क्षमता आपल्या रोजच्या गरजेपेक्षा खूपच जास्त आहे. निरोगी माणसात जेवणातली ९५ टक्क्यांच्या आसपास चरबी शोषली जाते, मग ती दोन जेवणांत खाल्लेली असो की पाच. म्हणजे पोटभर जेवलं की पचायला वेळ जास्त लागतो, जड वाटतं, लगेच आडवं झालं तर आंबट ढेकर येतात, हे सगळं खरं, पण ते न शोषता निघून जातं असं होत नाही. वारंवार जुलाब, शौचाला तेलकट होणं, खूप गॅस होऊन वजन आपोआप उतरणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांकडे जायचं, आहाराचे प्रयोग करत बसायचं नाही.

मेटाबॉलिझमचं म्हणाल तर जाऊबाई म्हणतात ते खूप जुनं आणि खूप पसरलेलं मत आहे. खाल्लेलं पचवायला शरीराला थोडी ऊर्जा खर्च करावी लागते, मिश्र आहारात ती एकूण कॅलरींच्या साधारण १० टक्के येते. त्यामुळे खाल्लं की भट्टी पेटते, सारखं खाल्लं की सारखी पेटलेली राहते असं लोकांना वाटतं. पण हिशोब करून बघा, तुम्ही दिवसाला १५०० कॅलरी खाता असं धरू, दोन जेवणांत खाल्ल्या तर प्रत्येक जेवणामागे ७५ खर्च होणार आणि सहा वेळा विभागून खाल्ल्या तर प्रत्येक वेळी २५, दोन्हीकडे बेरीज १५०च. १९९७ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हेच सांगितलं गेलं की नुसतं वारंवार खाल्ल्याने खर्च वाढतो याला आधार सापडत नाही. हां, काय खाल्लं याने मात्र फरक पडतो, प्रोटीन पचवायला त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी जातात, चरबीला अगदीच नगण्य.

मग थोडं थोडं खाण्यात काहीच नाही का? आहे, पण अटींवर. १९८९ साली टोरांटोमध्ये एक प्रयोग झाला होता, सात पुरुषांना तेच अन्न एकदा दिवसात तीन जेवणांत दिलं आणि एकदा १७ छोट्या भागांत, दोन-दोन आठवडे. १७ भागांत खाल्लं तेव्हा कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिन दोन्ही कमी झालं. पण तिथे अन्न मोजून दिलेलं होतं हो. आपल्याकडे दर दोन तासांनी खायचं म्हटल्यावर अकराला दोन मारी बिस्किटं, चारला खाखरा, साडेपाचला चिवडा असं होतं आणि तरी दुपारचं-रात्रीचं जेवण आहे तेवढंच राहतं. माझ्याकडे जे लोक या पद्धतीने वजन वाढवून येतात त्यांच्यात मला बहुतेक वेळा हेच दिसतं, पद्धत कागदावर ठीक असते, डब्यात फरसाण असतं.

आणि दोनदा जेवण्याबद्दलही एक चांगला अभ्यास आहे जो मी मुद्दाम सांगते, कारण त्यातली महत्त्वाची गोष्ट लोक सोडून देतात. २०१४ साली प्रागमध्ये टाइप २ डायबेटिस असलेल्या ५४ जणांना १२ आठवडे सहा छोटी जेवणं आणि १२ आठवडे दोन मोठी जेवणं दिली, कॅलरी दोन्हीकडे सारख्याच कमी केलेल्या. दोन जेवणांत वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहा जेवणांत २.३ किलो. दोन जेवणवाले जिंकले असं आपण म्हणतो, पण ती दोन जेवणं कोणती होती? नाश्ता आणि दुपारचं जेवण. नाश्ता सकाळी ६ ते १० मधे, जेवण १२ ते ४ मधे, रात्री काही नाही. आपल्याकडे दोन वेळा म्हटलं की बहुतेक जण सकाळचं उडवतात आणि रात्रीचं ठेवतात, कारण रात्रीच घरातले सगळे एकत्र असतात, आणि ते मला अगदी समजतं, पण मग तो अभ्यास आपल्याला लागू पडतो असं म्हणता येत नाही.

वेळेने फरक का पडतो तेही सांगते. आपलं शरीर सकाळी साखर चांगली हाताळतं आणि जसजशी संध्याकाळ-रात्र होते तसतसं कमी चांगली, तोच भात दुपारी खाल्ला तर शुगर जेवढी चढते त्यापेक्षा रात्री उशिरा जास्त चढते. झोपेच्या आधी मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, वाढायला लागतं आणि त्या काळात इन्सुलिनचं काम थोडं दबतं. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये २० निरोगी लोकांना तेच जेवण एकदा संध्याकाळी ६ ला आणि एकदा रात्री १० ला देऊन ११ ला झोपवलं, तर उशिराच्या जेवणानंतर शुगरचं टोक साधारण १८ टक्के वर गेलं आणि रात्रभरात चरबी जळण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी खाली आलं. हे एका रात्रीचं आहे, यावरून वर्षाचं गणित मांडू नये. पण रोज साडेनऊला दिवसातलं सर्वात मोठं जेवण आणि अकराला झोप, हे तुमचं रुटीन मला वजनाच्या दृष्टीनेही बरं वाटत नाही. आपल्याकडे चोविहार पाळणारी जैन घरं असतात, सूर्यास्ताआधीच जेवून मोकळी होतात, त्यांना यातलं एकही नाव माहीत नसलं तरी ती सवय चांगली आहे.

तरीही तासांच्या हिशोबाने जादू होते असं समजू नका. चीनमध्ये ग्वांगजोऊला १३९ स्थूल लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, एका गटाने कॅलरी कमी करून फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ मधे खाल्लं, दुसऱ्याने तेवढ्याच कॅलरी दिवसभरात कधीही. वर्षाअखेरीस वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तुमचं वजन आधी चार किलो उतरलं ते एक खाणं गेल्यामुळे उतरलं, आणि थांबलं ते बहुधा दोन जेवणं हळूहळू मोठी होत गेल्यामुळे. भूक सोसून साडेनऊपर्यंत थांबलेलं माणूस ताटावर बसलं की दोनाच्या जागी चार पोळ्या जातातच, त्यात तुमचा काही दोष नाही.

आता भाच्याचे ३० ग्रॅम. ही गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. तरुण मुलांवर व्यायामानंतर झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं की २० ग्रॅम चांगलं प्रोटीन घेतलं की पुढच्या काही तासांत स्नायू बांधण्याचा वेग जवळजवळ वरच्या टोकाला जातो, त्यापुढे प्रोटीन वाढवून तो वेग फारसा वाढत नाही. यातून "२०-३० च्या वर वाया" असं निघालं. पण शोषण आणि स्नायू बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आतडं तर ते सगळं घेतंच. आणि २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी एकदम १०० ग्रॅम प्रोटीन देऊन बारा तास मोजत राहून दाखवलं की शरीर ते सावकाश पण वापरतं, जेवढं मोठं जेवण तेवढा जास्त वेळ काम चालतं.

पण ताई, हा वाद तुम्हाला लागूच होत नाही. तुम्ही लिहिलेलं ताट मोजूया. दुपारी तीन पोळ्या म्हणजे साधारण ९ ग्रॅम प्रोटीन, भेंडीची किंवा दोडक्याची भाजी दीड-दोन, वाटीभर पातळ आमटी ४, पेलाभर ताक २, झाले १७. रात्री मऊ खिचडी किंवा दोन-तीन पोळ्या-भाजी-भात, कढी, पापड, त्याचे जास्तीत जास्त १३-१४. आणि गोळ्यांबरोबरचं कपभर दूध धरलं तर ८. सगळं मिळून ४० च्या आतच. आयसीएमआर-एनआयएन या आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीने किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे तुम्हाला ५५ ते ६० तरी हवं, आणि वजन कमी करायचंय तर स्नायू टिकावेत म्हणून थोडं वरच. म्हणजे ३० ची मर्यादा ओलांडणं सोडाच, नंतरचं दूध वगळलं तर एकाही जेवणात आपण २० ला पोचत नाही. केस गळतायत त्यात झटकन उतरलेलं वजन, कमी प्रोटीन आणि लोह या तिन्हीचा हात असू शकतो. वयस्कर माणसांना हे जास्त जपावं लागतं कारण वय वाढलं की स्नायूंना तेवढ्याच परिणामासाठी एका जेवणात जास्त प्रोटीन लागतं, म्हणून सासूबाईंना रात्री नुसता चहा-खारी किंवा दूध-पोळी देत असाल तर तिथेही लक्ष द्या.

इथपर्यंतचा सार एवढाच की ऊर्जा आणि प्रोटीनसाठी एकूण किती खाल्लं ते आधी, रात्री किती उशिरा ते नंतर, आणि किती वेळा ते शेवटी. आता दुसरा गट, जो तुमच्यासाठी खरा महत्त्वाचा आहे.

लोहापासून सुरू करते. शाकाहारी जेवणातलं लोह मुळातच थोडं शोषलं जातं, दहा टक्क्यांच्या आतबाहेर, आणि ते ताटात शेजारी काय आहे यावर प्रचंड हलतं. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून आत जात नाही, जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्या जेवणातलं शोषण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. तासभर थांबलं तर नुकसान बरंच कमी होतं. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असंच आहे. आता बघा, तुमची दिवसातली दोनच जेवणं, त्यातल्या एकावर रोज चहा आणि दुसऱ्यावर दूध आणि कॅल्शियमची गोळी. पाच वेळा खाणाऱ्या बाईचं एखादं जेवण चहामुळे गेलं तरी बाकीची उरतात, तुमच्याकडे एकही मोकळं जेवण उरत नाही. दोन वेळांच्या पद्धतीचा तुमच्या हिमोग्लोबिनशी संबंध असलाच तर तो असा आहे.

याच्या उलट व्हिटॅमिन सी लोहाला आत घेऊन जातं. पण ते त्याच जेवणात हवं, सकाळी लिंबूपाणी पिऊन दुपारच्या मटकीला उपयोग नाही. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, ताटात ताजा आवळा किसून घ्या, हिवाळ्यात पेरूची कोशिंबीर करा, पेरू बारीक चिरून त्यात मिरची, दाण्याचं कूट आणि वरून जिऱ्याची फोडणी. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलीग्रॅमच्या वर सी असतं, संत्र्याच्या तिपटीहून जास्त. फळ रिकाम्या पोटीच खायचं, जेवणाबरोबर खाल्लं की पोटात सडतं असं जे सांगतात त्यात तथ्य नाही, जठरातल्या आम्लात काही सडत नाही, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाने तर पेरू जेवणातच खावा. मटकी-मूग मोड आणून घेतले तर त्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला अडवणारा कडधान्यातला घटक, कमी होतं, तेही लोहाच्या पथ्यावर पडतं.

आयर्नच्या गोळीची तऱ्हा थोडी वेगळी आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आतड्याला सांगतं की आता बास. हा परिणाम साधारण २४ तास टिकतो, म्हणून त्याच दिवशी दुसरी गोळी किंवा दुसऱ्या दिवशी लगेच पुढची, यातलं कमी शोषलं जातं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर २०१७ मध्ये करून बघितलं, रोज गोळी दिली तेव्हा १६ टक्क्यांच्या आसपास शोषण झालं, एक दिवसाआड दिली तेव्हा जवळजवळ २२ टक्के. त्या बायकांना अजून ॲनिमिया झालेला नव्हता, तुमचं ९.८ आहे, त्यामुळे रोज की दिवसाआड हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण हा विषय त्यांच्याकडे काढा जरूर. वेळेचं मात्र मी सांगू शकते, हेप्सिडिन सकाळी कमी असतं आणि दिवसभरात वाढत जातं, म्हणून आयर्नची गोळी सकाळी, पाण्याबरोबर, पहिल्या चहाच्या तासभर आधी. मळमळत असेल तर थोडं काही खाऊन घ्या, पण चहा-दूध नको. गोळीबरोबर लिंबूपाणी घेतलंच पाहिजे असं नाही, गोळीतलं लोह आधीच भरपूर असतं. लिंबाची खरी गरज जेवणातल्या लोहाला आहे.

कॅल्शियम एका वेळी ५०० मिलीग्रॅमपर्यंत चांगलं घेतलं जातं, त्यावर गेलं की टक्केवारी घसरते. तुमची ५०० ची गोळी आणि वर कपभर दुधाचे ३००, हे ८०० एकाच वेळी, आणि त्यात ते आयर्नच्या आड येतंय. म्हणजे रात्री साडेनऊला तुम्ही एकाच घोटात दोन गोळ्यांना एकमेकींत भांडायला लावताय. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्या, ती कार्बोनेट असेल, बहुतेक असतेच, तर तिला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं म्हणून जेवणासोबतच चांगली. आता तुम्ही म्हणाल दुपारच्या मटकीतल्या लोहाचं काय, तर हो, थोडं नुकसान होईल, म्हणून ज्या दिवशी दुपारी लोहाचं चांगलं काही असेल त्या दिवशी गोळी रात्रीच्या जेवणाला ढकला. आयर्नच्या गोळीपासून लांब ठेवणं हे जास्त गरजेचं.

बी १२ ची रचना सगळ्यात कडक आहे. जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेतलं जातं, मग पुढचे चार-सहा तास जागा परत मोकळी व्हायला लागतात. एसटी स्टँडवर आरक्षणाची एकच खिडकी असावी आणि बाहेर कितीही रांग असली तरी तिने आपल्याच गतीने चालावं, तसं. म्हणून दूध, दही, अंडं यातून मिळणारं बी १२ एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा सकाळी अंडं, दुपारी दही, संध्याकाळी दूध असं विभागलेलं जास्त कामाचं. इथे दर काही तासांनी खाण्याचा खरंच फायदा आहे, आणि हा फायदा कुणी सांगत नाही, सगळे मेटाबॉलिझमबद्दलच बोलतात. गोळीचं वेगळं, तिच्यात ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असतात, खिडकी टाळून सुमारे एक टक्का नुसता झिरपून आत जातो, १५०० चे १५, तेवढे रोजच्या गरजेला पुरून उरतात, त्यामुळे ती कधीही घ्या. पण १७० असताना नुसत्या अंड्या-दुधावर विसंबू नका, आणि इंजेक्शन घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारा.

इथे एक विचारते, तुम्ही सकाळी उपाशी पोटी ॲसिडिटीची गोळी रोज घेता का? उशिरा जेवून झोपणाऱ्या बऱ्याच जणांचं ते सुरू असतं आणि त्याला औषध म्हणून कुणी मोजतच नाही. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलं की लोह, बी १२ आणि कार्बोनेट कॅल्शियम तिन्हीचं शोषण कमी होतं. असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

व्हिटॅमिन डी तेलातुपात विरघळणारं आहे, आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची, उपाशी पोटी नाही. पालेभाजी-गाजर यातल्या कॅरोटिनलाही थोडं तेल लागतंच, आपली फोडणी त्यासाठी पुरेशी आहे, डाएट म्हणून बिनतेलाचं उकडून खाऊ नका.

आता तुमच्यासाठी मी काय ठरवेन. मी तुम्हाला तीन जेवणांवर आणेन. शुगर नॉर्मल असलेल्या, रिपोर्ट चांगले असलेल्या, दोन वेळांत सुखी असलेल्या माणसाला मी हे सांगत नाही, त्यांचं चालू दे. पण ५५-६० ग्रॅम प्रोटीन, लोहाला एखादं मोकळं जेवण, बी १२ ला दोन-तीन संधी, हे सगळं दोन ताटांत बसवायला फार ओढाताण होते. सकाळी उठल्यावर आयर्नची गोळी, तासाने चहा. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा, त्यात दोन अंडी आणि दोन पोळ्या किंवा मुगाची जाडसर धिरडी, आणि डबा खाऊन स्टाफरूममधला चहा घ्यायचा नाही, हे अवघड जाईल याची मला कल्पना आहे. दीडला ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मोड आलेल्या कडधान्याची मोठी वाटी, लिंबू, पालेभाजी, ताक. चहा तीनला. रात्री साडेसातच्या सुमाराला दुपारपेक्षा लहान जेवण, खिचडीच केली तरी डाळ तांदळाइतकीच घाला आणि सोबत पन्नासएक ग्रॅम पनीर किंवा घट्ट वरण. घरचे साडेनऊला जेवत असतील तर त्यांच्याबरोबर बसा, सूप किंवा ताक घ्या, एकत्र बसणं सुटायला नको. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीवर चाला, जेवणानंतरची शुगर त्याने नक्की खाली येते.

जे वाचतायत त्यांच्यातल्या काहींनी मात्र जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्या घेणारे, त्यांनी एक जेवण गाळलं की शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुलं, ज्यांचं पोटच लहान असतं, आणि आधीच वजन कमी असलेली म्हातारी माणसं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशी पोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि आयर्न-कॅल्शियमपासून चार तास लांब ठेवायची, म्हणजे अशांची आयर्नची गोळी सकाळी नाही चालणार.

शेवटचं, आणि हे जेवणाच्या पलीकडचं आहे. ४१ व्या वर्षी ९.८ हिमोग्लोबिन असताना मी पहिल्यांदा पाळीबद्दल विचारते, कारण अंगावरून जास्त जात असेल, गाठी पडत असतील, सात-आठ दिवस चालत असेल तर चहा बंद करून आणि पेरू खाऊन ते भरून निघणार नाही. मूळव्याधीतून रक्त जात असलं तरी बायका सांगत नाहीत. धाप लागतेय म्हणजे डॉक्टरांना भेटायला उशीर नको. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) झालेलं नसेल तर करून घ्या. गोळी नीट वेळेवर सुरू केली की तीन-चार आठवड्यांत सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिनची रक्ततपासणी, परत करा, हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वर यायला हवं. आलं तर रस्ता बरोबर आहे, नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवतात. नाही आलं तर माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणा आहारतज्ज्ञाकडे न जाता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना दोन-तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्या.